योगाचे इतके प्रकार, माझ्या कंबरेला आणि झोपेला नक्की कुठला?

सूरसागरकाठ (२ जून)
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, वय ५३, शाळेत शिकवते. दोन वर्षं झाली कंबर धरते, सकाळी उठलं की पहिली दहा मिनिटं मोरीत वाकून तोंडसुद्धा धुता येत नाही. त्यात रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच, मग दूधवाला येईपर्यंत नुसतं कुशी बदलणं. बीपीची एक गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले योगासनं सुरू करा. कुठली, कशी, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आता २१ जूनचा योगदिन तोंडावर आलाय त्यामुळे रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत नुसते बोर्ड. हठयोग, पॉवर योगा, विन्यास, अय्यंगार, हॉट योगा, योग थेरपी. गेल्या महिन्यात घराजवळच्या एका क्लासला गेले होते, नाव नको घ्यायला. तीस जणी, मोठ्याने गाणी लावलेली आणि पाऊण तासात ३६ सूर्यनमस्कार. शिकवणारी मुलगी पुढे उभी राहून स्वतः करत होती, मागे कोण काय करतंय ते तिला दिसणार कसं? पाचव्या दिवशी माझं उजवं मनगट सुजलं, फळ्यावर खडू धरवेना. फी परत मागितली तर नियमात बसत नाही म्हणाले.

तर मला साधं उत्तर हवंय. या सगळ्यांत फरक काय, आणि कंबर आणि झोप या दोन तक्रारींना कुठला प्रकार लागू पडतो? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

पहाटपाच
ताई, मनगटाला आधी आराम द्या. अंगठ्याच्या बुडाशी दाबून दुखत असेल तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

मांजलपूरचा_मंदार
मी गेली चार वर्षं अष्टांग विन्यास करतोय म्हणून लिहितो. हा म्हैसूरच्या पट्टाभी जोईस यांचा प्रकार. आसनांचा क्रम ठरलेला, प्रत्येक हालचालीला श्वास बांधलेला, नजर कुठे ठेवायची तेही ठरलेलं. आठवड्याला सहा दिवस करतात, आणि पौर्णिमा-अमावास्येला सुट्टी. मी दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, मान आणि खांदे दगड झाले होते, सहा महिन्यांत मोकळे झाले. आणि मनाचं म्हणाल तर त्या सव्वा तासात ऑफिसची एक गोष्ट डोक्यात येत नाही, यायला फटच नसते.
पण ताई खरं सांगतो, तुमच्या कंबरेला सुरुवात म्हणून हे नको. प्रायमरी सिरीजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या क्रमात, पुढे वाकायची आसनं भरपूर आहेत आणि दर एकदोन आसनांनंतर हातांवर वजन येतं. तुमचं मनगट त्यानेच गेलं असणार. तुमच्या त्या क्लासात याचाच धावता अवतार चालतो, क्रम नाही आणि श्वासही नाही.

खंडेराव_मार्केट
पॉवर योगा वगैरे सोडा, कमाटी बागेत सकाळी सहाला या. आमचा ग्रुप आहे, २२ जण, फी शून्य, वडाखाली सतरंज्या. शेवटी पाच मिनिटं जोरजोरात हसतो, बागेतली माकडंसुद्धा बघायला येतात. आणि परतताना सेवउसळ!

पहाटपाच
सेवउसळीवर सगळी कॅलरी परत अंगावर की हो भाऊ :)

खंडेराव_मार्केट
अहो तेवढ्यासाठी तर २२ जण येतात, नाहीतर चार पण आले नसते. पण हसण्यावारी नेऊ नका, आमच्यातले दोघं बायको गेल्यावर घरात कोंडून बसले होते, त्यांना आम्ही दारावर जाऊन उठवून आणलं. आज तेच सगळ्यात आधी येऊन सतरंज्या टाकतात. योगाचा फायदा किती आणि चार माणसांचा किती हे वेगळं काढता येणार नाही, काढायचं तरी कशाला.

नर्मदेकाठचा
माझं वय ७६. सूरसागरकाठ, तुम्ही दांडिया बाजारात राहता आणि योग कुठला म्हणून विचारता, तर थोडं जुनं सांगतो, कारण आजच्या सगळ्या क्लासांची निम्मी मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि आपल्याच मुलांना ते ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

नर्मदेच्या काठी मालसर आहे ना, तिथे परमहंस माधवदासजी राहत. त्यांचे दोन शिष्य. एक मणिभाई देसाई, पुढे श्री योगेंद्र झाले, त्यांनी १९१८ साली मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, जन्म १८८३ चा, आपल्या डभोईचा. शिकले बडोदा कॉलेजात आणि १९०७ ते १९१० तुमच्याच दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे घाम गाळला. म्हणजे आधी आखाडा, मग योग. १९१९ मध्ये माधवदासजी भेटले, आणि या माणसाला प्रश्न पडला की गुरू सांगतात ते बरोबरच असेल, पण शरीरात आत होतं काय ते बघूया तरी. १९२०-२१ मध्ये इथे बडोद्याच्याच हॉस्पिटलात त्यांनी उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवणं) करताना पोटात काय होतं ते तपासलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं निघालं. बस्तिक्रियेत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुताना, पाणी आपोआप वर का चढतं त्याचं उत्तर त्यात मिळालं. त्या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मग १९२४ ला लोणावळ्याला कैवल्यधाम.

मला ही गोष्ट आवडते ती एवढ्यासाठी की श्रद्धा न सोडता माणूस मोजायला बसला. तुमच्या कंबरेचंही तसंच करा. कुठलाही प्रकार घ्या पण वहीत लिहा, आज किती वाकता आलं, रात्री किती वाजता जाग आली.

सूरसागरकाठ
काका, मी रोज त्या व्यायाम मंदिरावरून शाळेत जाते! हे काहीच माहीत नव्हतं. वही आजच केली.

रेल्वेकॉलनी
काका आमच्या आजोबांनी पण तिथेच मल्लखांब केला होता, ते सूर्यनमस्काराला योग म्हणत नसत, व्यायाम म्हणत. मग खरं काय?

नर्मदेकाठचा
तुमचे आजोबा जुन्या हिशेबाने बरोबर होते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आसनं फक्त १५, त्यातली बरीचशी बसूनच करायची. घेरंड संहितेत ३२. आज जो सूर्यनमस्कार घालतात तो त्यात नाही. त्याचा व्यायाम म्हणून जोरात प्रचार केला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, ते स्वतः रोज घालत आणि संस्थानातल्या शाळांतही चालू केला. पण नंतरच्या लोकांनी श्वास आणि मंत्र जोडून योगात आणला तर बिघडलं कुठे, अंगाला चांगलाच आहे. फक्त पन्नाशीच्या कडक कंबरेला पहिल्याच दिवशी ३६ म्हणजे अन्याय आहे.

पुणे_बडोदा_अपडाऊन
मी पुण्याला असताना सात वर्षं अय्यंगार पद्धत शिकले त्यामुळे त्या बाजूने लिहिते. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी फार आजारी असायचे, मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं भोगलेलं. कृष्णमाचार्य हे त्यांच्या बहिणीचे यजमान आणि गुरू. मंदार, तुमचे पट्टाभी जोईसही त्यांचेच शिष्य, तेव्हा तुमचा आमचा आजोबा एकच. अय्यंगार १९३७ ला पुण्याला आले ते पुण्याचेच झाले, २०१४ ला गेले.

क्लासात गेलात तर पहिल्यांदा सामान बघून गोंधळाल. भिंतीला दोर, लाकडी विटा, पट्टे, बिनपाठीच्या लोखंडी खुर्च्या आणि ब्लँकेटांची चळत. आमच्या बाई ब्लँकेटची घडी अशी घालायला लावायच्या की चारही कडा एकावर एक आल्या पाहिजेत, सर्वांगासनाला घडीची गोल बाजू खांद्याकडे, सुटे पदर पलीकडे. एक सुरकुती राहिली तर उठवून परत. पहिला महिना मला वाटलं हे काय घड्या घालायला येतो का आपण. मग एकदा त्रिकोणासनात माझा हात घोट्यापर्यंत पोचत नव्हता तर बाईंनी हाताखाली वीट उभी केली, मागच्या टाचेची बाहेरची कड जमिनीत दाबायला सांगितली आणि म्हणाल्या गुडघ्याची वाटी वर खेच. एवढंच. आणि कंबरेत डाव्या बाजूला वर्षानुवर्षं काहीतरी अडकलेलं असायचं ते सुटल्यासारखं झालं, डोळ्यात पाणी आलं हो माझ्या. तेव्हा कळलं की घडीपासूनच शिकवणं सुरू होतं.

ताई, तुमच्या कंबरेला मी हेच सांगेन. एका आसनात दोन-तीन मिनिटं थांबायचं, जे पोचत नाही तिथे वीट किंवा खुर्ची, आणि शिकवणारा फिरून प्रत्येकाकडे बघतो. दोराला लटकून अधोमुख श्वानासन केलं की मनगटावर वजनच येत नाही.

मांजलपूरचा_मंदार
हे मान्य, पण एक बोलू का? माझ्या बहिणीने अय्यंगार पद्धत दोन महिन्यांत सोडली, म्हणाली सारखं अंगठा इकडे टाच तिकडे, मनच रमत नाही. सगळ्यांना इतकं बारीक चालत नाही. काहींना हालचालीतच शांतता मिळते.

पुणे_बडोदा_अपडाऊन
ते खरं आहे. पण मनगट सुजलेल्या माणसाला आधी बारीकच लागतं, मग रमण्याचं बघू.

वामकुक्षी
माझं मत शवासन. रोज दुपारी. जेवणानंतर. दीड तास.

पहाटपाच
नावातच सगळं आलं तुमच्या, हाहा.

फिजिओ_कारेलीबाग
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज कंबरेचे पेशंट बघते, म्हणून चार शब्द. जुनाट कंबरदुखीला आधी गोळ्यांऐवजी व्यायाम, योग असे उपाय करून बघा असं अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलंय, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच पाठवलंय. पण पाय बधिर होत असेल, मुंग्या खाली पावलापर्यंत जात असतील, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जातोय असं वाटलं तर योग बाजूला ठेवून लगेच डॉक्टर.

नाहीतर सुरुवात अगदी साधी. पाठीवर झोपून एक एक गुडघा छातीशी, मग मार्जारासन (मनगट बरं होईपर्यंत ते कोपर टेकवून), मग सेतुबंध, मग मकरासन. मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाची पवनमुक्तासनाची मालिका याच धाटणीची आहे, पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेक सांधा फिरवत वर यायचं. दिसायला काहीच नाही पण साठीच्या बायकांना मी हेच देते. पश्चिमोत्तानासन, हलासन तूर्तास नको. सकाळी उठल्या उठल्या वाकायचंच नाही, रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, अर्धा तास वावरून मग करा.

आणि बीपी आहे म्हणून सांगते, कपालभाती जोरात नको, दीर्घ कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं नको, शीर्षासनाचं नावच नको. काचबिंदू असलेल्यांनी तर डोकं खाली पाय वर असलेलं काहीच करू नये, डोळ्यातला दाब वाढतो. टीव्ही बघून कपालभाती करणारे हर्नियाचे पेशंट माझ्याकडे येतात, जीव तुटतो बघून.

रेल्वेकॉलनी
पण कपालभाती तर प्राणायामातला सगळ्यात चांगला ना?

नर्मदेकाठचा
कपालभाती मुळात प्राणायाम नाहीच. हठप्रदीपिकेत ती सहा शुद्धिक्रियांत आहे, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर. भस्त्रिका प्राणायामात येते. दोन्ही दिसायला सारख्या म्हणून लोक मिसळतात.

नाकबंद
नेतीचं निघालंच आहे तर, मला दर हिवाळ्यात सायनस. जलनेतीने गेलं असं सगळे म्हणतात, भीती वाटते पण.

फिजिओ_कारेलीबाग
पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं कधीच नाही. अर्धा लिटरला पाऊण चहाचा चमचा मीठ. बेसिनवर वाकून डोकं एका अंगाला, तोंड उघडं, श्वास तोंडाने. लोट्याची चोच वरच्या नाकपुडीला लावली की दुसरीतून धार येते, पहिल्यांदा डोळे चुरचुरतात तेवढंच. नंतर पुढे वाकून हलके हलके फुंकून नाक कोरडं करा, जोरात शिंकरू नका, कानात जातं. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी नको.

अंतर्मुख
सगळं वाचलं. राग मानू नका पण वीसेक प्रतिसादांत नुसते सांधे आणि चकत्या चालू आहेत. पतंजलींची १९५-९६ सूत्रं, त्यात आसनाला किती? तीन. स्थिर आणि सुखाचं बसता आलं की आसनाचं काम संपलं, पुढे प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. मंदारराव, पतंजलींचं अष्टांग ते हे, तुमच्या विन्यासाचं नाव तेवढं तेच आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचा, आसन घालून बसण्यापासून कुंडलिनी जागी होईपर्यंत सगळं मराठीत दिलंय.

आणि बडोद्याचंच उदाहरण देतो. अरविंद घोष १८९३ पासून इथे नोकरीला होते, १९०४ च्या सुमारास देवधर नावाच्या इंजिनिअर मित्राकडून प्राणायाम शिकून तासन्‌तास करायचे. पण खरं झालं ते जानेवारी १९०८ मध्ये. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन नुकतंच मोडलेलं, राजकारण पेटलेलं, आणि ते इथे सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत विष्णु भास्कर लेले या आपल्या मराठी योग्यासमोर तीन दिवस बसले. लेल्यांनी आसन वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाले विचार तुमचे नाहीत, बाहेरून येताना दिसतील, आत शिरायच्या आधी परतवा. तीन दिवसांत मन निःशब्द झालं असं अरविंदांनी स्वतः लिहून ठेवलंय. सूरसागरकाठ, रात्री अडीचला जाग येते तेव्हा तुम्हाला कंबर उठवत नाही, विचार उठवतात. औषध तिथे करा.

फिजिओ_कारेलीबाग
अंतर्मुख, तुमचं म्हणणं मोलाचं आहे, पण ज्यांना दहा मिनिटं बसताच येत नाही त्यांना ध्यान कसं सांगायचं? स्थिर आणि सुखाचं व्हायला आधी कंबर ऐकली पाहिजे ना. पतंजलींनीही आसन ध्यानाच्या आधी ठेवलंय.

अंतर्मुख
हे पटलं. शब्द मागे नाही घेत पण क्रम तुमचा बरोबर.

रात्रपाळी
मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, अठरा वर्षं आलटून पालटून नाइट. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर मला ड्यूटी संपवून घरी आल्यावर झोप लागेना, छातीत धडधड, हातपाय गार. सगळ्या तपासण्या नॉर्मल. एका सिनिअर सिस्टरनी योगनिद्रा सांगितली. ही स्वामी सत्यानंदांची, मुंगेरचीच. शवासनात पडायचं, सुरुवातीला एक संकल्प, मग ऐकत ऐकत मन उजव्या हाताच्या अंगठ्यावर, पहिलं बोट, दुसरं बोट, तळहात, मनगट असं सगळ्या अंगावरून फिरवायचं. झोपायचं नसतं खरं तर. मी पहिले पंधरा दिवस उजव्या खांद्याच्या पुढे कधी गेलेच नाही, तिथेच झोप लागायची. आणि मला तेच हवं होतं.

दुसरं, श्वास. चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा, मिनिटाला साधारण ६ होतात. सोडणं लांबलं की धडधड खाली येते, मॉनिटरवर स्वतःची नाडी उतरताना बघितलीय मी. भ्रामरी पण छान, गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो. ताई, अडीचला जाग आली की मोबाइल बघू नका, किती वाजले तेही बघू नका, पडल्या पडल्या हे करा. आईचं दुःख गेलं नाही. पण झोप आली.

सूरसागरकाठ
रात्रपाळी, तुमचं दोनदा वाचलं. माझेही सासरे याच जानेवारीत गेले, शेवटचे आठ महिने त्यांचं सगळं मीच केलं, रात्री अडीचला त्यांना कुशीवर वळवावं लागायचं. आत्ता लिहिताना लक्षात आलं की वेळ तीच आहे. आणि कंबर पण तेव्हापासूनच जास्त.

रात्रपाळी
हो ताई. अंगाला सवय झालीय ती. आज रात्रीपासून सुरू करा.

नर्मदेकाठचा
सूरसागरकाठ, सून असावी तर अशी. काळजी घ्या स्वतःची.

खंडेराव_मार्केट
ताई तुम्ही या हो बागेत. सेवउसळ माझ्याकडून.

मांजलपूरचा_मंदार
हॉट योगाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून, चाळीस डिग्रीच्या खोलीत करतात तो. मे महिन्यात बडोद्यात पैसे देऊन कशाला, पंखा बंद केला की झाला. आणि बीपीवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

सूरसागरकाठ (११ ऑगस्ट)
मंडळी, धागा वर काढते. पुढे काय झालं ते विचारणारे बरेच निरोप आले.

मनगट तीन आठवड्यांनी बरं झालं. जूनभर फिजिओताईंनी सांगितलेलं तेवढंच केलं, घरी, सकाळी चहा-पोळ्या आटपून. जुलैपासून एका छोट्या क्लासला जाते, आठच जणी, अय्यंगार पद्धतीने शिकलेल्या बाई आहेत. पहिल्या दिवशी मी तीन प्रश्न विचारले, एका वेळी किती जण असतात, तुम्ही फिरून बघता का, आणि बीपी-कंबर असेल तर काय बदलता. तिसऱ्या प्रश्नावर त्यांनीच मला उलटे सात प्रश्न विचारले, मी लगेच फी भरली. अपडाऊनताई, ब्लँकेटची घडी अजून चुकते.

काकांच्या वहीतलं. २ जूनला उभ्याने वाकल्यावर हात गुडघ्याच्या चार बोटं खाली जात होते, काल नडगीच्या मध्यावर. सकाळचं आखडणं दहा मिनिटांवरून तीन-चारवर. जाग अजून येते, आठवड्यातून पाच रात्री यायची ती आता दोन, आणि बहुतेक वेळा श्वास मोजताना परत लागते. एका रात्री नाही लागली तर मी सासऱ्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले, विचार आले तसे येऊ दिले, अंतर्मुखांनी सांगितल्यासारखं परतवता नाही आले अजून. बीपीची गोळी चालूच आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

रविवारी कमाटी बागेत जाते. हसण्याच्या वेळी अजून लाज वाटते.

अंतर्मुख
येऊ दिलेत, पळून नाही गेलात, तेच पहिलं पाऊल आहे ताई.

फिजिओ_कारेलीबाग
नडगीच्या मध्यावर म्हणजे फार छान. घाई करू नका, गणपतीत वाकून वाकून कामं असतात तेव्हा मध्ये मध्ये पाठीवर पडून घ्या.

पुणे_बडोदा_अपडाऊन
घडीचं मला फोटो टाका, सांगते कुठे चुकते. ब्लँकेट सुती आहे का? मऊ फरचं असेल तर घडी बसतच नाही, खंडेराव मार्केटजवळ जाड सुती मिळतात, तीन घ्या, एकसारखीच.

सूरसागरकाठ
फरचंच आहे! उद्या शाळा सुटली की जाते.